खासगी शाळा आपल्या घराला झेपेल का?

दिवाळीचा फराळ संपला की नागपुरात तीन वर्षांच्या पोरांच्या आईबापांची धावपळ सुरू होते. कुठल्या शाळेचे फॉर्म निघाले, कुठले संपले, कुठे ओळख लागते, कुठे मोठं भावंड असलं की धाकट्याला आधी घेतात, याच्या चौकशा लग्नाच्या पंगतीतही चालतात. इथे इंग्रजी माध्यमाच्या नर्सरी-केजीला सरसकट 'कॉन्व्हेंट' म्हणतात, मग ती मिशनची असो नाहीतर गल्लीतल्या दोन खोल्यांतली. शेजारच्या काकू हटकून विचारतात, "काऊन जी, पोट्ट्याले कोन्त्या कॉन्व्हेंटमध्ये टाकून राहिले?" टाकायचंच आहे, हे त्यांनी धरूनच चाललेलं असतं.

ते धरून न चालता थोडा विचार करू. फीवर चालणारी खासगी शाळा आपल्या पोराला आणि आपल्या घराला जमेल का, हे ठरवायचं कसं? शहरातली सगळ्यांत चांगली शाळा कोणती, याचं उत्तर इथे मिळणार नाही. एकाच वर्गातली एक मुलगी रोज उड्या मारत शाळेत जाते आणि तिच्याच बाकावरच्या दुसरीचं रोज सकाळी पोट दुखतं. मला विचाराल तर बोर्ड आणि इमारत या दोन गोष्टींवर आपण उगाच फार जीव टाकतो. घरापासूनचं अंतर, टिकून राहणारे शिक्षक आणि दहावीपर्यंतचा पैसा यांच्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही, आणि पुढे घर मेटाकुटीला येतं ते यांच्यापायीच.

'प्रायव्हेट' म्हणजे नेमकं काय

बोलताना आपण 'प्रायव्हेट' आणि 'सीबीएसई' हे शब्द एकाच अर्थानं वापरतो. शाळा चालवतं कोण आणि शिक्षकांचा पगार येतो कुठून, ही एक गोष्ट. शाळा कोणत्या बोर्डाची, ही दुसरी. महानगरपालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळा सरकारी. महाल, धरमपेठ, सीताबर्डी या भागांत जुन्या संस्थांच्या ज्या अनुदानित शाळा आहेत, त्यांचं व्यवस्थापन खासगी, पण मान्य शिक्षकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी नाममात्र. तिसरा प्रकार विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा. राज्यात २०१२ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांसाठी वेगळा कायदा झाला आणि शहराच्या कडेकडेनं, वर्धा रोडपासून कोराडी रोडपर्यंत, अशा शाळा झपाट्यानं वाढल्या. इथे सगळा खर्च पालकांच्या फीतून निघतो. हा लेख या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे. अशी शाळा राज्य मंडळाचीही असू शकते, सीबीएसईचीही, आयसीएसईचीही.

पाटीवर 'सीबीएसई पॅटर्न' लिहिलेलं दिसलं तर जरा थांबा. पुस्तकं सीबीएसईच्या पद्धतीची वापरणं वेगळं आणि बोर्डाची संलग्नता असणं वेगळं. संलग्न शाळेकडे संलग्नता क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा बहुतेक ११३ नं सुरू होतो. नवी शाळा पाचवी-सहावीपर्यंतच पोचली असेल तर संलग्नता अजून यायची असू शकते, त्यात लबाडी असेलच असं नाही. पण मग मूल नववीत जाईल तेव्हा परीक्षा कोणत्या बोर्डाची देईल, हे तोंडी ऐकून घेऊ नका, लिहून मागा.

दुसरा क्रमांक यूडायसचा, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सरकारी नोंदीचा. मान्यताप्राप्त शाळेला ११ आकडी यूडायस क्रमांक असतो आणि नागपूर जिल्ह्यातल्या शाळांचा २७०९ नं सुरू होतो. तो केंद्राच्या संकेतस्थळावर टाकला की शाळेचा प्रकार, पटसंख्या, शिक्षक, स्वच्छतागृहं अशी बरीच माहिती समोर येते. सीबीएसईच्या शाळांना तर स्वतःच्या संकेतस्थळावर 'मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर' नावाचं पान ठेवावंच लागतं. फीचा तक्ता, इमारत आणि अग्निसुरक्षेची प्रमाणपत्रं, शिक्षकांची संख्या, मागच्या तीन वर्षांचे निकाल, पालक-शिक्षक संघाची यादी हे सगळं त्यात हवं. पान रिकामं असेल किंवा प्रमाणपत्राची मुदत कधीच संपलेली असेल, तर शाळा कशी चालते याचा अंदाज प्रवेश खिडकीपर्यंत न जाताच येतो. नुसत्या प्ले स्कूलच्या बाबतीत मात्र हे कागद फारसे कामाचे नाहीत, कारण मान्यतेचे नियम मुख्यतः पहिलीपासूनच्या शाळांसाठी आहेत. तिथे स्वतःच्या डोळ्यांवरच भिस्त.

वयाचंही पाहून घ्या. महाराष्ट्रात नर्सरीसाठी तीन आणि पहिलीसाठी सहा वर्षं ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण व्हायला हवीत. नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मलेलं मूल नियमात बसतं, पण वर्गात सगळ्यांत लहान ठरतं. एक वर्ष थांबलात तर काही बिघडत नाही, नातेवाईक काहीही म्हणोत.

दहावीपर्यंतचा हिशेब

फी विचारली की शाळा एका वर्षाचा आकडा सांगते. आपल्याला हवा दहावीपर्यंतचा. समजा पहिलीची फी ६०,००० रुपये आहे आणि ती दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते. मग दहावीच्या वर्षी ती जवळपास १ लाख ४१ हजार होते आणि दहा वर्षांची बेरीज ९ लाख ५६ हजारांच्या आसपास जाते. यात बस नाही, पुस्तकं-वह्या नाहीत, दोन प्रकारचे गणवेश आणि बूट नाहीत, स्नेहसंमेलनाचा पोशाख नाही, आणि नर्सरी ते केजी टू ही तीन वर्षंही नाहीत. धाकटं भावंड असेल तर हाच आकडा पुन्हा एकदा मांडा. दोघंही एकाच वेळी वरच्या वर्गात असतील ती वर्षं वेगळी लिहून काढा, कारण घराचा कस त्या चार-पाच वर्षांत लागतो.

दहावीनंतरचं तर आपण विसरूनच जातो. अकरावी-बारावीला नागपुरात नीट-जेईईच्या क्लासचा खर्च शाळेच्या फीला मागे टाकतो. केजीपासून दहावीपर्यंत सगळी पुंजी फीत घातली आणि खरी गरज पडली तेव्हा हात रिकामे, असं झालेली घरं कमी नाहीत. मी साधा ताळा सांगते: आजची पहिलीची फी भरताना उसनवारी करावी लागत असेल, किंवा एका माणसाचा पगार दोन महिने थांबला तर दुसरा हप्ता चुकणार असेल, तर ती शाळा सध्या आपल्यासाठी नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आजी सांगायची तेव्हा तिच्यासमोर ईएमआय नव्हते, पण म्हणणं लागू पडतंच.

फीचा तक्ता मागताना प्रत्येक ओळ वेगळी मागा. प्रवेश फी, ट्युशन फी, टर्म फी, कॉशन मनी, ॲक्टिव्हिटी, कॉम्प्युटर, बस. कोणती एकदाच, कोणती दरवर्षी, कोणती परत मिळणारी? पावती कोणत्या नावानं मिळते हेही बघा. आयकराच्या जुन्या पद्धतीत दोन मुलांच्या ट्युशन फीवर सवलत मिळते, पण देणगी, विकास निधी आणि बसभाडं त्यात धरत नाहीत. डोनेशन तर बेकायदाच आहे. राज्याचा कॅपिटेशन फीबंदीचा कायदा १९८७ चा, आणि शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ त्यावर आणखी कडक: घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड. त्याच कलमात मुलाची किंवा आईबापाची मुलाखत घेऊन प्रवेश ठरवायलाही मनाई आहे. 'फक्त गप्पा मारायच्या आहेत' असं म्हणून तुमच्या पदव्या आणि पगार विचारले जात असतील, तर त्या गप्पांना काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

फी दरवर्षी मनाला येईल तशी वाढवता येत नाही, हे बऱ्याच पालकांना ठाऊकच नसतं. महाराष्ट्रात शुल्क नियमनाचा २०११ चा कायदा आहे. त्यानुसार व्यवस्थापनाला फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. समितीतले पालक सोडत काढून निवडायचे असतात आणि मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षं लागू राहते. शाळेनं मागितलेली आणि समितीनं मान्य केलेली फी यांत १५ टक्क्यांहून जास्त फरक पडला की शाळा विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकते. पालकांसाठी मात्र हाच दरवाजा अरुंद आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर तक्रारीसाठी किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. दीड हजार पोरांच्या शाळेत पावणेचारशे पालक गोळा करणं म्हणजे काय, हे व्हॉट्सॲप ग्रुपवर सहल कुठे न्यायची हे ठरवताना पाहिलेल्यांना सांगायला नको. म्हणून प्रवेशाआधीच तिथल्या दोन-तीन पालकांना विचारा: गेल्या पाच वर्षांत फी कितीनं वाढली, आणि समितीवर कोण आहे? 'समिती कोणती?' असं उत्तर आलं, तर तेही उत्तरच आहे.

पंचवीस टक्के आरटीई जागांबद्दल, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं राखून ठेवलेल्या जागांबद्दल, थोडं. उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत असलेली घरं आणि वंचित प्रवर्गातली मुलं यांना खासगी विनाअनुदानित शाळेत सोडतीनं मोफत प्रवेश मिळतो. जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट, असा नियम राज्यानं फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला होता. उच्च न्यायालयानं तो त्याच जुलैत रद्द केला. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना, म्हणजे नागपुरातल्या 'सदर' या भागातल्या मिशनच्या जुन्या शाळांसारख्या शाळांना, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालामुळे ही पंचवीस टक्क्यांची अट लागू नाही. सोडतीत नंबर लागला की पेढे वाटले जातात, पण हा मोफत प्रवेश आठवीपर्यंतच आहे. नववीला पूर्ण फी समोर येते, आणि तेव्हा पोराच्या सगळ्या मैत्र्या त्याच शाळेत असतात. घ्या जरूर, पण आठवीनंतरची सोय आजपासून बघा.

सकाळ कुणाची, दुपार कुणाची

माझ्या ओळखीचं एक घर बेस्यात राहतं. आई बँकेत, बाबा मिहानमध्ये, घरी आजी. पोरगी केजी टूमध्ये, शाळा काटोल रोडला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बस कोपऱ्यावर पावणेसातला येते म्हणून पोरगी पावणेसहाला उठते. उठते म्हणजे आजी तिला झोपेतच बसवून तिच्या पायांत मोजे चढवते. दूध अर्धं पोटात, अर्धं कपात. शाळा बाराला सुटते, बस सगळी पोरं उतरवत उतरवत घराजवळ यायला सव्वा वाजतो. एप्रिलच्या उन्हात बसमधून उतरताना पोरीचे गाल लाल झालेले असतात आणि ती जेवायच्या आधी झोपते. संध्याकाळी खेळायला जाते तेव्हा बाकीची पोरं घरी परतायला लागलेली असतात. शाळा चांगली आहे, शिक्षिका प्रेमळ आहेत. पण दिवसाचे अडीच-तीन तास तयारीत आणि बसमध्ये जातात, आणि पाच वर्षांच्या पोरीकडे ते तास कुठून यायचे?

म्हणून माझा हट्ट आहे: चौथीपर्यंत शाळा घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत हवी. मनीषनगरात राहून मनीषनगरातली ठीकठाक शाळा ही दाभ्याच्या नावाजलेल्या शाळेपेक्षा लहान मुलाला जास्त देते. मेट्रो आली खरी, पण केजीतलं पोर काही तिकीट काढून एकटं जाणार नाही. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढलाय, तो शाळा पाळते का हे विचारा. पाळत असेल तर प्रश्न उलटा होतो: आठ वाजता घराबाहेर पडणाऱ्या आईबापाच्या पोराला नऊपर्यंत बघणार कोण?

वर्षाचं वेळापत्रकही तपासा, कारण विदर्भाचा उन्हाळा बाकी महाराष्ट्रासारखा नाही. राज्य मंडळाच्या शाळा इतरत्र जूनच्या मध्याला उघडतात, आपल्याकडे उन्हामुळे महिनाअखेरीकडे. सीबीएसईच्या बहुतेक शाळा मात्र नवं सत्र एप्रिलमध्येच सुरू करतात. पारा ४२-४३ वर असताना वर्ग सर्वांत वरच्या मजल्यावर आहे का, कूलर चालतात का, वीज गेली तर काय, पिण्याचं पाणी थंड आहे का, हे प्रश्न स्मार्ट बोर्डाच्या आधी विचारायचे.

बस म्हणजे शाळेचाच भाग. राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार बस पिवळी हवी, तीत मुलांसोबत मदतनीस हवा आणि शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी. ऑटोवाले काका कितीही मायाळू असोत, सहा पोरांच्या जागी बारा बसवून दप्तरं बाहेर लटकवणार असतील तर नको. दप्तराचंच म्हणाल तर केंद्राच्या २०२० च्या धोरणात पूर्वप्राथमिकला दप्तरच नको, आणि पहिली-दुसरीला ते १.६ ते २.२ किलोच्या आत हवं असं म्हटलंय. पहिलीतल्या ओळखीच्या पोराचं दप्तर एकदा काट्यावर ठेवून बघा. दुसरीपर्यंत गृहपाठ नको, असंही त्याच धोरणात आहे.

पोराचं काय

पैसा आणि वेळ जमला तरी मूल राहतंच. सगळ्यांत मोठा प्रश्न भाषेचा. घरात मराठी, अंगणात नागपुरी हिंदी, आणि तिसऱ्या वर्षी अचानक सगळं इंग्रजीत. बडबडी पोरं यातून तरून जातात. उशिरा बोलायला लागलेलं, नव्या माणसांत बुजणारं मूल मात्र कधीकधी पार गप्प होतं, आणि ते गप्प का झालं हे कुणाला कळतच नाही, कारण त्याला येणाऱ्या भाषेत कुणी त्याच्याशी बोलतच नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं असं म्हटलंय ते याचसाठी. धोरणात तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा आहे आणि तिसरी ते पाचवीचा पूर्वतयारीचा. पहिल्या टप्प्यात खेळ, गोष्टी आणि बोलणं यांवर भर, बाकावर बसून लिहिणं त्यानंतर. केजी वनमध्ये पाचशेपर्यंत आकडे लिहून घेणारी शाळा पुढे आहे असं समजू नका.

इंग्रजी शाळेत घालायचं ठरवलंत तर एक प्रश्न स्वतःला विचारा: तिसरीचा गृहपाठ घरी कोण घेणार? घेणारं कुणी नसेल तर केजी टूपासून गल्लीतली ट्युशन लागते, आणि मग मूल दिवसाला दोन शाळा करतं. अशा घरांसाठी चांगल्या अनुदानित शाळेतलं सेमी-इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी मराठीत, हा फार शहाणा पर्याय आहे, आणि त्याच्याकडे आपण केवळ लोकलाजेपायी पाठ फिरवतो. उलट बाजूही आहे. बाबांची नोकरी बदलीची असेल, आज नागपूर, उद्या रायपूर, परवा हैदराबाद, तर सीबीएसई इंग्रजी माध्यमच सोयीचं. घरात इंग्रजी सहज बोललं जात असेल तर अडचण नाहीच. मराठी कुठेही सुटत नाही: २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची आहे. शाळा ती किती मनापासून शिकवते, ते तिसरी-चौथीतल्या पोराला वर्तमानपत्रातली चार ओळी वाचायला लावून कळतं.

मुलाला शिकण्यात, ऐकण्यात, चालण्यात काही अडचण असेल तर लपवू नका. लपवून घेतलेला प्रवेश दुसरीत उघडा पडतो. सीबीएसईच्या शाळेत विशेष शिक्षक आणि समुपदेशक असणं अपेक्षित आहे. 'आहेत का' इतकंच विचारून थांबू नका. त्यांना भेटा, आणि ते आठवड्याला किती मुलांबरोबर बसतात ते विचारा.

शाळेला विचारायचा माझा सगळ्यांत आवडता प्रश्न: "माझं मूल मागे पडलं तर तुम्ही काय करता?" चांगल्या शाळेतली बाई लगेच बोलायला लागते, अमुक वाराला वेगळं बसवतो, पालकांना बोलावतो, वाचनासाठी मोठ्या मुलाशी जोडी लावतो. वाईट उत्तर दोन शब्दांचं असतं: "ट्युशन लावा." त्याच शाळेतल्या शिक्षकाकडेच ट्युशन लावा असं सुचवलं, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ मध्ये शिक्षकाच्या खासगी शिकवणीला मनाई आहे, हे लक्षात असू द्या. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा, मग फेरपरीक्षा आणि त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात, असा नियम आहे. त्यामुळे 'पुढे ढकलतातच' या भरवशावर राहणं संपलं.

शाळेत गेल्यावर

ओपन हाऊसच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी रांगोळ्या असतात. साध्या मंगळवारी, शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभे राहा. पोरं बाहेर येताना एकमेकांशी काय बोलतात, शिपाई पोरांना कसा हाक मारतो, आया ताटकळत असताना कशाबद्दल कुरकुरतात, हे अर्ध्या तासात कळतं. तिथल्या दोन आयांना विचारा, "तुमच्या पोराची गेल्या वर्षीची वर्गशिक्षिका अजून इथेच आहे का?" दोघींनी नाही म्हटलं तर तिसरीला विचारा. खासगी शाळेचा सगळा डोलारा शिक्षकावर असतो, आणि पगार तुटपुंजा असला की चांगली माणसं वर्षात निघून जातात. पहिली ते पाचवीला शिक्षण हक्क कायद्यानुसार ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. एका खोलीत ४८ पोरं दिसली तर फीचा आकडा आठवून बघा.

वह्या मागा, तेही फेब्रुवारीच्या, जूनच्या नकोत. एका शाळेत मी दुसरीच्या तीन वह्या शेजारी ठेवून पाहिल्या. तिन्हीत 'द काऊ'वर तीच दहा वाक्यं, तोच क्रम, आणि एकीत 'फोर लेग्ज'चं स्पेलिंग चुकलेलं असूनही खाली लाल शाईत 'गुड'. दुसऱ्या शाळेत त्याच विषयावर एका पोरानं लिहिलं होतं: 'अवर काऊ लिव्हज ॲट मामाज हाऊस. शी डज नॉट नो मी.' स्पेलिंगच्या दोन चुका बाईंनी दुरुस्त केल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, 'व्हाय?' पोरानं त्याखाली आणखी तीन ओळी लिहिल्या होत्या. दुसऱ्या शाळेचं मैदान लहान होतं आणि रंग उडालेला. तरी मला विचारलं तर मी तिथेच पाठवीन.

आणि स्वच्छतागृह बघा. मुलींचं तर नक्की बघा. प्रवेशाच्या खोलीतलं एसी आणि सोफा बघून परत येऊ नका. पुस्तकं-गणवेश अमुकच दुकानातून घ्या अशी सक्ती करता येत नाही, तेही तिथेच विचारून टाका.

न पटलं तर

खासगी शाळा कुणाला बसते? अंतर कमी, फी उत्पन्नात आरामात बसणारी, घरात गृहपाठ बघणारं माणूस, आणि मूल नव्या भाषेत बोलायला धजणारं असेल तर खुशाल घाला. यातल्या दोन गोष्टी नसतील तर मी आधी जवळच्या अनुदानित शाळेत जाऊन बघेन. 'तिथे कोण जातं?' असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी गेल्या दहा वर्षांत तिथे पाऊल ठेवलेलं नसतं.

आणि टाकल्यावर कळलं की जमत नाहीये, तर नाव काढता येतं. सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. मुख्याध्यापकांनी टीसी लगेच द्यायची असते, आणि टीसीला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. थकलेल्या फीसाठी टीसी अडवणं ही शाळांची जुनी खोड आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि तरी अडलं तर जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. एका खासगी शाळेतून दुसऱ्या खासगी शाळेत जायला मात्र या कलमाचा आधार नाही, तिथे जागा असेल तरच.

बदलायचं तर वेळ साधा. सीबीएसईतून राज्य मंडळाच्या शाळेत यायचं असेल तर एप्रिलमध्ये नवीन सत्राची फी भरण्याआधी निर्णय घ्या. जूनअखेरपर्यंतचे तीन महिने मराठी वाचन-लेखन सावरायला पुरतात. चौथी-पाचवीत मूल सहज रुळतं. सीबीएसईत मुलांची बोर्डाकडे नोंदणी नववीत होते आणि दहावीत थेट प्रवेश बोर्डाच्या परवानगीशिवाय मिळत नाही, त्यामुळे जे काही करायचं ते आठवीचा निकाल लागेपर्यंत करून टाका.